काचेचं सूत

२ जानेवारी १९८९
नवीन वही. गेल्या वर्षीची मार्चमध्येच थांबली, पण गेल्या वर्षी लिहिण्यासारखं काही नव्हतं. या वर्षी आहे.

आमच्या ठाण्यातल्या कोलशेतच्या कारखान्यात आजवर पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारींसाठी तारा तयार झाल्या. आता सरकारी संशोधन केंद्राचं काम आलंय. सुपरकंडक्टिंग तार. तिच्यातून वीज अजिबात न अडखळता वाहते म्हणे. त्या तारेचा प्रचंड ताकदीचा चुंबक करायचा, अणूंच्या आतले कण गोल गोल पळवणाऱ्या यंत्रासाठी. तारेवरचं इन्सुलेशन आम्ही चढवायचं. वर्क्स मॅनेजर गुप्तेसाहेब म्हणाले, नीलाताई, सेक्शन तुमचं आणि रिपोर्ट इंग्रजीत लागणार, तेव्हा हे तुम्हीच बघा.

म्हणजे मी डेव्हलपमेंट इन-चार्ज. असे शब्द त्यांनी वापरले नाहीत, पण अर्थ तोच.

संकल्प : रोज फिजिक्सची दहा पानं. चहात साखर बंद. कामाच्या बाबतीत खरं ते तोंडावर बोलायचं, मग समोर कोणी का असेना.

६ जानेवारी
फिजिक्सची दोन पानं झाली. प्रस्तावनाच होती. साखर उद्यापासून.

केंद्रातून प्रभाकर दिघे आले. पस्तिशीचे, खिशात तीन पेनं, बोलणं मऊ. त्यांनी समजावलं : ही तार गुंडाळेपर्यंत लवचिक असते. मग अख्खी गुंडाळी भट्टीत सातशे अंशांवर आठवडाभर भाजायची, तेव्हा कुठे ती सुपरकंडक्टर होते. आणि भाजल्यावर पापडासारखी ठिसूळ, पुन्हा हात लावायची सोय नाही. म्हणून इन्सुलेशन आधीच चढवायचं आणि त्याने ती भट्टी सोसायची. कागद, कापूस, एनॅमल, काहीच टिकणार नाही. टिकेल फक्त काचेचं सूत. ते तारेभोवती बुटाच्या नाडीसारखं विणायचं.

सुताला आधीपासून खळ असते. ती विणण्याआधी जाळून काढायची. भट्टीत हवा नसते, त्यामुळे तेलकट, चिकट काही राहिलं तर ते जळून जात नाही, त्याचा कोळसा होतो. आणि कोळशातून वीज पळते. मग इन्सुलेशन कसलं.

मी म्हटलं, नॅचरली. ते म्हणाले, मॅडम, तुमचं इंग्लिश फार छान आहे.

९ जानेवारी
विणायला सगुणा. दुसऱ्या कुणाचा विचारसुद्धा केला नाही.

सगुणा इथलीच, कोलशेत गावातली कोळीण. एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली, म्हणजे शेजारी. तिचा बाप परशुराम खाडीवरचा नावाजलेला जाळी विणणारा. खाडीत माशांपेक्षा फेस जास्त झाला तेव्हा ती मशीनवर आली. सोळा बॉबिनी एकमेकींना वळसे घालत फिरतात, आणि धागा तुटायच्या आधी तिला कळतं. कसं, म्हणून विचारलं. म्हणाली, मशीन खोकतंय ना गो बाय, तुना ऐकू नाय येत?

मला ऐकू येत नाही. पण मी मान डोलावली.

१३ जानेवारी
खळ काढलेलं सूत म्हणजे राखेचा धागा. दर पाच मिनिटांनी तुटतं. त्याची बारीक कुसं हवेत उडतात, गळ्यात, मनगटात शिरतात. दिघ्यांनी सुती हातमोजे पाठवलेत, उघड्या हाताने सुताला शिवायचं नाही म्हणून. मोजे पुरुषी मापाचे. सगुणा म्हणाली, यात माझं दोनी हात एकीकडंच मावतील, दुसऱ्यात काय ठेवू, जेवण?

सगळ्या हसल्या. मीही. मग इन-चार्जने हसावं का, असं वाटून थांबले.

१९ जानेवारी
आठ तासांत तीन मीटर.

मोजे घालून गाठ मारता येत नाही, म्हणून सगुणा ते काढते. तिचे हात कोपरापर्यंत लाल. आज केसांतला कंगवा काढून त्याने मनगट खाजवत होती. मी म्हटलं, घरी जा. म्हणाली, आन मशीन कोन चालवंल, तू?

दिघ्यांना फोन करून लहान मोजे मागणार होते. लाइन मिळाली नाही. दोनदा प्रयत्न केला. (एकदा.)

२१ जानेवारी
मला कुणाचा त्रास बघवत नाही. लहानपणापासून. शाळेत सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, नीला हॅज अ सॉफ्ट हार्ट. तेव्हा आमची शाळा सुटली की तलावाकाठी टांगे उभे असायचे आणि मी घोड्यांना डब्यातली पोळी द्यायची. ते ठाणं आता राहिलं नाही.

स्टोअरमधून खोबरेल तेलाची बाटली मागवली. चिठ्ठीवर ‘प्रथमोपचार’ लिहिलं. सगुणा हात मागे घेऊन म्हणाली, सायबांनी तेलकट नको सांगलंय ना? मी म्हटलं, मी सांगते ना, लाव. थेंबभर तेलाने काय होणार, जाळायला सातशे अंश बसलेत. मीच तिच्या मनगटांना चोळलं. तिने डोळे मिटले.

२३ जानेवारी
तेवीस मीटर. सूत रेशमासारखं सरकतंय.

गुप्तेसाहेब स्वतः येऊन बघून गेले. रिपोर्टमध्ये लिहिलं : प्रगती, इम्प्रूव्ह्ड हँडलिंग टेक्निकमुळे. टेक्निक कोणतं ते लिहिलं नाही. वाक्य लांबलं असतं.

३० जानेवारी
गुंडाळीला पुरेल एवढी तार झाली. दिघे खूष. म्हणाले, ट्रायल कॉइल नीट उतरली तर नमुना परदेशातल्या प्रयोगशाळेत चाचणीला पाठवू, कदाचित डेव्हलपमेंट टीममधलं कोणी सोबत जाईल. हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. सगुणा माझ्या मागेच उभी होती, पण तिच्याकडे पासपोर्ट नाही.

माझ्याकडेही नाही. पण माझा निघेल.

५ फेब्रुवारी, रविवार
गोखले रोडवरून स्वेटर आणला. जांभळा, बंद गळ्याचा. उत्तरावहिनी म्हणाली, वन्सं, माथेरानला निघालात का? मी नुसतं हसले. तिला कण, चुंबक वगैरे सांगण्यात अर्थ नाही. मलाही दहा पानांच्या हिशेबाने आतापर्यंत साडेतीनशे पानं यायला हवी होती. अकरा येतात.

आरशासमोर छोटं भाषण म्हणून पाहिलं. ऑन बिहाफ ऑफ माय कलीग्ज. त्यात सगुणाचा उल्लेख दोनदा आहे.

१४ फेब्रुवारी
कॉइल भट्टीत गेली. सगुणाने विचारलं, आपली तार आता कुठं हाय? मी म्हटलं, भाजायला लावलीय. म्हणाली, आठ दिस? आमचं बोंबील बी चार दिसांत सुकतंय.

२४ फेब्रुवारी
फोन आला. कॉइल शॉर्ट. तारेचे वेढे एकमेकांना चिकटल्यासारखी वीज आडवीच पळतेय.

कारणं, जी मला दिसतात : एक, भट्टी. दोन, तार त्यांची. तीन, हल्ली काचसुद्धा पूर्वीसारखी येत नाही.

२७ फेब्रुवारी
मीटिंग. गुप्तेसाहेब, दिघे, मी. सगुणाला मशीनवरून बोलावून घेतलं, ती दारात उभी राहिली.

दिघ्यांनी कॉइल कापून आणली होती. पांढरं असायला हवं ते सूत काळं, जागोजाग बोटांचे ठसे उमटल्यासारखं. चिमट्याने एक वेढा उचलला तर तो तुटला. आमचं दीड वर्षाचं काम, ते हळूच म्हणाले. रागावून नाही. मग म्हणाले, हे तेल आहे. कुठलं ते कळेल का?

गुप्तेसाहेबांनी सगुणाकडे पाहिलं. म्हणाले, या बायकांना किती सांगायचं. डोकी तेलाने निथळतात, तेच हात मशीनला.

सगुणाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी वहीत तारीख लिहीत होते. मग ती म्हणाली, हात माझंच व्हतं सायेब. तेल मीच लावलंय.

खरं तर ते अक्षरशः खरंच आहे. पहिला दिवस सोडला तर लावलं तिनेच.

मी बोलणार होते. तेवढ्यात चहा आला. चहा वाटताना असं काही बोलणं बरं दिसत नाही.

२८ फेब्रुवारी
साहेबांनी रिपोर्ट मागितला. लिहिला. ‘ड्यू टू इनॅडव्हर्टंट कंटॅमिनेशन बाय द ऑपरेटर.’ इनॅडव्हर्टंट हा शब्द मुद्दाम घातला, म्हणजे नकळत. त्याने पुष्कळ सौम्य झालं. साहेब म्हणाले, उत्तम.

उद्या त्यांना एकटं गाठून सगळं सांगणार. एका वाक्याचं तर काम : तेल मी दिलं.

१ मार्च
साहेब वाशीला गेलेले.

३ मार्च
साहेब होते, पण मूड नव्हता. मूड नसताना सांगितलं तर सगुणाचंच नुकसान.

सगुणाला विणाईवरून काढून झाडलोटीला लावलंय. मी जवळून गेले तर म्हणाली, ताई, तिकडं पाय नको टाकू, ओलं हाय.

६ मार्च
महाशिवरात्र. उपासाने डोकं दुखतंय. अशा डोक्याने महत्त्वाचं बोलू नये.

७ मार्च
सगुणाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. केंद्राला दाखवायला काहीतरी कारवाई हवी होती, साहेब म्हणाले. ती मला विचारायला आली, ताई, तुझा शब्द चालतो थितं, जरा बोलशील? सून मंजुळा पोटुशी, पोराचं काम सुटलेलं, खाडीत कायबी राहिलं नाय.

मी म्हटलं, बोलते.

म्हणजे आता शब्दच दिलाय. आता मागे हटायचा प्रश्नच नाही.

८ मार्च
मशीनवर आता सेक्शनमधलीच मालू. सगळा दिवस सूत तुटत होतं. मी मशीनजवळ कान नेऊन ऐकलं. खोकला वगैरे काही नाही.

१० मार्च
डबा खाताना मालूने विचारलं, ताई, सगुणासाठी कोन बोल्लं का नाय? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, बोलले ना मी. चांगली भांडले साहेबांशी. ऐकतच नाहीत.

हे खोटं नाही, फक्त तारखेने थोडं आधी आहे. उद्या भांडणारच आहे.

१४ मार्च, सकाळी ११
आज सांगितलं.

केबिनचं दार लावलं आणि म्हटलं, सर, तेल मी दिलं होतं. सगुणा नको म्हणत होती. आवाज ठीक होता. सिस्टरना अभिमान वाटला असता.

गुप्तेसाहेबांनी मान वर केली नाही. म्हणाले, ठाऊक आहे. स्टोअरच्या चिठ्ठीवर तुमची सही आहे, मीटिंगच्या आधीच पाहिली.

मग म्हणाले, रिपोर्ट कोण लिहिणार नीलाताई? विणायला दुसरी मिळते. शिवाय तुमच्याच सहीचा रिपोर्ट केंद्रात गेलाय, आता बदलला तर तुम्ही आणि मी दोघं बाहेर. आणखी काही आहे?

मी म्हटलं, नाही. दार उघडं ठेवू की लावू, तेही विचारलं.

१६ मार्च
नवे हातमोजे आले. लहान मापाचे. मी माझ्या हातात घालून पाहिले. सगुणाचे आणि माझे हात एकाच मापाचे आहेत.

स्वेटर वहिनीच्या भाचीला देऊन टाकला. गोखले रोडवाला परत घेत नाही.

१७ मार्च
निर्णय : रविवारी स्वतः कोलशेत गावात जायचं आणि सगुणाच्या तोंडावर सगळं कबूल करायचं. तिने शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या. काय बोलायचं ते लिहून ठेवलंय. मराठीत लिहिलं. इंग्रजीत ते फार सुबक होत होतं.

१९ मार्च, रविवार
गेले.

शिमगा तोंडावर, गावात बायका अंगणं सारवत होत्या. सगुणा दारात बसून चिंबोऱ्या साफ करत होती. कुठून तरी पाच मिळाल्या होत्या. आता ती सकाळी मोठ्या बाजारातून मासे आणून कॉलन्यांतून विकते. कोलशेतची कोळीण, विकत घेतलेले मासे विकते. ती स्वतःच हे सांगून हसली.

मी कागद काढायला पर्स उघडली.

तेवढ्यात तिने आत हाक मारली, मंजुळे, बाहेर ये, पाया पड. सून पोट सावरत आली. सगुणा तिला म्हणाली, ह्याच आमच्या नीलाताय. माझ्यासाठी सायबाशी भांडल्या. मालूनं सांगलं मना. एकोनीस वर्सांत माझ्यासाठी कोन भांडला नाय, माझा घोव पन नाय.

पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी सगुणाच्या तोंडाकडे नीट बघितलं, तिला खरं ठाऊक आहे का ते दिसेल म्हणून. काही दिसलं नाही. ती म्हणाली, तू नको वाईट वाटून घेऊ गो. तू तरी किती करशील?

पर्स मिटली.

जेवूनच जा म्हणाली. पाचांतल्या दोन चिंबोऱ्या माझ्या ताटात वाढल्या. मंजुळाने एक घेतली, दोन पोरासाठी झाकून ठेवल्या, सगुणाने नुसता रस्सा. कवचं तिनेच फोडून दिली, माझ्याकडून फुटत नव्हती.

निघताना विचारलं तिने, आपली तार झाली का गो नीट? मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, व्हईल.

दोन्ही चिंबोऱ्या खाल्ल्या. चांगल्या होत्या.