गप्प राहायचा हक्क

ती. अक्कास,

मी सुखरूप आहे, हे आधी वाच.

मी इथे अमेरिकेत काम करतो त्या दुकानात सोमवारी चोरी झाली आणि संशयावरून पोलिसांनी मला नेलं. बेड्या घालून एकजण म्हणाला, "तुला गप्प राहायचा हक्क आहे." मला वाटलं, दम देतोय! मी तोंडच उघडलं नाही. मग वकीलबाई आल्या. "छान केलंत. अमेरिकेच्या सर्वोच्च कोर्टाचा जुना निकाल आहे, म्हणून चौकशीआधी हे सांगावंच लागतं." पुढे कॅमेऱ्यात खरा चोर दिसला आणि मी सुटलो.

पण अक्का, मी हक्क बजावला की नुसता घाबरलो, तेच कळेना.

सोनगीरला पाऊसपाणी कसं आहे? काल आबांनी फोनवर विचारलं, "बठ्ठं बेस शे ना?" सगळं ठीक आहे म्हणालो, पण अटकेचं सांगितलं नाही. त्यांना तूच समजावून सांग.

तुझा गोंधळलेला भाऊ,
हितेंद्र