मिससाहेबांचा हात चालतो

लोहारा, १२ नोव्हेंबर १९४५

आज पुन्हा तेच! हिंमतराव पाटलांच्या सुनेला, महानंदाला, सातवा महिना लागलाय. डॉक्टर मिससाहेब तपासायला आत गेल्या, पायातले बूटसुद्धा न काढता. मी ओट्यावर. पाटलांची आई धुरपदाबाई दारात आडवी — "मडमीनं यावं. तू हितंच थांब."

सातासमुद्रापलीकडची बाई चालते. माकणीच्या महारवाड्यात जन्मलेली मी चालत नाही. बाप्तिस्मा झाला, नर्सिंग शिकले, राहेल झाले — धुरपदाबाईला त्याचं काय! तिला माझा आजा ठाऊक आहे.

१३ नोव्हेंबर

मिससाहेबांना विचारलं, तुम्ही त्यांना काही बोलत का नाही? म्हणाल्या, "आधी त्यांचं दार तर उघडू दे. धीर धर, राहेल."

दार त्यांना उघडलंय. मला नाही.

२ डिसेंबर

आफ्रिकेत मोंबासाला आपल्या मिशनचा दवाखाना आहे. तिथं बाळंतपणं करणारी नर्स हवी. आपल्याकडून तिथं गेलेल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या बायका पुरुष डॉक्टरला जवळ येऊ देत नाहीत म्हणे. "तुझं नाव कळवू?" मिससाहेबांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, प्रभूचं बोलावणं. मला वाटलं — तिथं माझा आजा कुणाला ठाऊक नाही!

९ जानेवारी १९४६

आफ्रिकेचं पक्कं झालं. आई बोलत नाही माझ्याशी.

२१ जानेवारी

मिससाहेब कालपासून सोलापूरला. दुपारी पाटलांचा गडी बब्रुवान पळत आला. "बाई, चला! सूनबाईस्नी लई तरास व्हतोय." पिशवी उचलून तशीच धावले.

धुरपदाबाई दारात. "मडम कुठंय?"

"सोलापूरला. मी करते, आई. सोडा मला आत."

"न्हाय. मडम येऊ द्या."

रक्त थांबत नाही, आतल्या बायका सांगत होत्या. मी हिंमतरावांच्या पाया पडले — लांबूनच. त्यांनी मान खाली घातली. आतून महानंदा ओरडली, "येऊ द्या की तिला!" कुणी हललं नाही. बब्रुवान तेवढा रडत होता.

मग आतला आवाजच बंद झाला. ती गेली, पोटातलं बाळही गेलं.

२३ जानेवारी

मिससाहेब परत आल्या. पाटलांकडं गेल्या, प्रार्थना केली. त्यांना पाट दिला, चहा दिला. आल्यावर मला म्हणाल्या, "क्षमा करायला शीक."

काय शिकायचं राहिलंय मला!

२७ जानेवारी

रविवार. चर्चमध्ये गेले नाही.

१७ मार्च

निघाले. मोटारीनं सोलापूर, पुढं मुंबई, मग बोट. मिससाहेब मोटारीपाशी म्हणाल्या, "तुझे हात प्रभूचे आहेत." म्हटलं, "मग पाटलांच्या दारात हे का नाही सांगितलंत?" मोटार सुटली.

मोंबासा, ३० एप्रिल

एका हिंदी पेढीवाल्याच्या घरून बोलावणं. सून अडलेली. सासू उंबऱ्यात. "कुठल्या जातीच्या तुम्ही?"

"ख्रिस्ती."

"त्याआधीच्या?"

आत ती पोर कण्हत होती.

"ब्राह्मण," म्हटलं.

सासू बाजूला झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.