झाडाखालचे पोस्टमास्तर

मंगळवार, ४ ऑगस्ट १९८७

बोट आली. तीन पिशव्या टपाल, दोन डुकरं आणि आमच्या बेटावरच्या पोस्टाला नवे पोस्टमास्तर! सव्वीस वर्षं मी एकटी शिक्के मारते, तिकिटं विकते, पत्रं वाटते. आता म्हणे डोक्यावर साहेब. असू दे. पोस्ट बंद होणार अशी आवई होती. साहेब पाठवला म्हणजे बंद करत नाहीत, एवढं खरं. बंद झालं तर मी दिवसभर करू काय?

साहेब उतरले. कमरेला मानाची चटई गुंडाळलेली, हातात पेटी. बघते तर फेलेती — माझा सख्खा धाकटा भाऊ!

मुख्य कचेरीचा दोष नाही. माझं सासरचं आडनाव वेगळं, त्यांना कळणार कसं? पण पोस्टाला खोली एकच, आणि आमच्या रीतीत वयात आलेले बहीण-भाऊ एका छताखाली बसत नाहीत, एकमेकांशी थेट बोलत नाहीत. त्यात मोठ्या बहिणीला हुकूम सोडायचा म्हणजे फेलेतीची जीभच झडेल. तो मान खाली घालून उभा, मी पिशव्यांकडे बघत उभी. पाद्रीणबाई लोसा मधून वाट काढत म्हणाल्या, "तुम्हा दोघांचं टपाल आता मी वाहायचं की काय?"

बुधवार, ५

साहेबांनी टेबल बाहेर नीरफणसाखाली मांडलं. दुपारी झाडाला म्हणाले, कुणी पिशव्या उघडल्या तर बरं होईल. मी वजनकाट्याला सांगितलं, सकाळीच उघडल्यात.

शुक्रवार, ७

युक्ती निघाली. फेलेती मला पत्र लिहितो! पाकीट, पत्ता, तिकीट, सगळं रीतसर. टपालपेटीत टाकतो. मी पेटी उघडते, शिक्का मारते, माझ्याच खणात ठेवते, मग काढून वाचते. "डिंक संपला आहे." अंतर बारा पावलं. उत्तर तिकीट लावून पाठवलं — "शाईपण."

मंगळवार, ११

साहेबांना अहवाल करायचाय. पत्रातून पोस्टाचा इतिहास मागवला. लिहिला: पोस्ट आधी पाद्र्याच्या पडवीत होतं. वादळानं छप्पर नेलं, म्हणून इथं आलं. मग मी आले. संपला इतिहास.

कोण कुणाच्या हाताखाली, याचा तक्ताही हवाय. त्यानं काढलेला आला. वरच्या चौकटीत मी, खालच्या चौकटीत पोस्टमास्तर! भावाचं नाव बहिणीच्या वर लिहायला हातच धजला नाही म्हणे. हसून हसून माझी शिक्क्याची तारीख चुकली. दिवसभराची पत्रं उद्याची झाली.

शनिवार, १५

हल्ली पत्रात कामाचं कमी. आज त्यानं विचारलं, आई जाताना शेवटी काय म्हणाली? तो तेव्हा राजधानीत होता. आईनं त्याला हाक मारली होती, हे मी लिहिलं. मग मी खिडकीतून झाडाकडे पाहिलं नाही. लहानपणी याला मी कडेवर घेऊन हिंडायची.

मंगळवार, १८

बोट आली. कप्तान माका तिकिटं घेता घेता म्हणाला, "अजून उघडंच का गं तुझं पोस्ट? बंदचा हुकूम तर फेलेतीच्याच पेटीत घालून आणला मी! तो आलाय ते बंद करायलाच; कागद तुझ्या हातात पडला की त्या दिवसापासून कुलूप."

दोन आठवडे! हुकूम उशाला घेऊन माझ्या हातची अळूवडी खात होता! घरी येऊन रडले. आईचं त्याला लिहून कळवलं, त्याचाही राग आला. उद्या देऊ दे तो कागद, तोंड बघणार नाही त्याचं. म्हणजे तसंही बघत नाहीच.

बुधवार, १९

टपालपेटीत लाल लाखेचं सरकारी पाकीट. अक्षर फेलेतीचं, माझ्या नावावर.

तिकीट नाही! "डिंक संपला" एवढ्यासाठी तिकीट लावणारा हा माणूस! पाकीट उलटलं. मागे पेन्सिलीनं —

"ताई, तिकीट लावायचं विसरलोय. नियमाप्रमाणे परत कर. पुढच्या बोटीनंतर पुन्हा टाकीन. तेव्हाही विसरेन."