सत्तरीवरच्यांना नेत नाहीत

१२ मे, सोम.
चुकले. बाबांकडे फक्त आयर्लंडचा व्हिसा आहे. आइसलंडला शेंगेन, म्हणजे युरोपचा वेगळा व्हिसा, लागतो आणि तो नागपूरहूनच काढून यायला हवा होता. इथून मिळत नाही. निघायचंय शुक्रवारी. माझा नि लेकीचा, ईराचा, पासपोर्ट आयरिश झाल्यापासून असलं काही लागतं हेच विसरले.
इकडे यायच्या आधी फोनवर बाबांनी तीनदा विचारलं होतं, "व्हिसाचं पाहिलंस ना?" तिसऱ्या वेळी मी खेकसले होते, "मला कळतं हो बाबा!"

१३ मे
सांगायला म्हणूनच खाली गेले. बाबा माझ्या नवऱ्याचं, निखिलचं, जाड जॅकेट घालून आरशासमोर उभे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर खडू आडवा धरून हिमनदी काढायचे, खरी कधी पाहिली नाही. छोट्या विमानातून हिमनद्यांवर फेरी, ही माझी त्यांच्या सत्तरीची भेट. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कळवूनही झालंय.
तोंडून भलतंच निघालं. "छोट्या विमानात सत्तरीवरच्या बीपीवाल्यांना नेत नाहीत, बाबा. मेल आला आज."
जॅकेटची नीट घडी घातली त्यांनी. "बरोबर आहे त्यांचं. माझंच बीपी. तुम्ही काहून थांबता? जा दोघी."
निखिल माझ्याकडे बघत राहिला.

१७ मे, शनि. आइसलंड
सहा जणांचं विमान. वजनं आधीच कळवली होती. पायलटच्या कागदावर बाबांचे बासष्ट किलो अजून होते, त्यानं त्यावर काट मारली. त्याच्या शेजारी एक आजोबा बसले, काठी घेऊन. मागे बसलेली त्यांची नात कौतुकानं म्हणाली, ऐंशी पूर्ण.
विमान वर गेलं. मग खाली बघितलं. बर्फ निळा, राखाडी, मळका. दोन हिमनद्या एक होतात तिथून मधोमध दगडमातीची काळी रेघ निघते. मध्य हिमोढ. बाबा तेवढ्या जागी खडू फिरवायचेच नाहीत, फळा तसाच सोडायचे. अगदी तश्शीच रेघ.
मला खूप आनंद झाला. लाज त्याचीच वाटतेय.
आयरिश पोरांसारखी आईला 'मॅम' म्हणणारी ईरा कानाशी ओरडली, "आजोबा वुड हॅव लव्ह्ड इट, मॅम."

१९ मे
ल्यूकन, घरी. बाबांनी व्हिडिओ पाच वेळा पाहिला. हिमोढ आला की उठून उभे. मग, "हे पुढे बसलेले गृहस्थ कितीचे?"
"साठ... बासष्ट असतील."
"तब्येत नाही ठेवली बाप्पा त्यांनी."
ईरानं कप ठेवून कपाटाचं, इथल्या भाषेत प्रेसचं, दार दाणकन लावलं. मॅमशी बोलणं बंद.

२ जून
बाबांनी मीठ सोडलं. लोणच्याची बरणी स्वतःच वरच्या प्रेसमध्ये, हात पोचणार नाही अशी. सकाळ-संध्याकाळ इस्टेटीला, म्हणजे आमच्या कॉलनीला, चकरा. शेजारीण विचारते, हाऊ आर यू, बाबा इथल्या थाटात म्हणतात, ग्रँड! नाश्त्याआधी बीपीचं मशीन लावून आकडा वहीत.
"एकशे बत्तीस. पुढच्या वर्षी नेतील ना?"
मी पोळ्या लाटत होते. मान हलवली.

२२ जून
आज सांगायचंच ठरवलं. बाबा अळणी आमटी भुरकत होते.
"बाबा, ते बीपीचं..."
"कमी होऊन राहिलं ना! पाहिलंस?" वही पुढे केली. इतके खूश.
नाही जमलं. माझ्यासारखी नालायक मीच.

१९ जुलै, शनि.
बाबा परत गेले. विमानतळावर मी पाया पडले तेव्हा वही हातात दिली. "कंपनीला पाठव हे आकडे. किती लागतं विचार." वळून हात केला नि आत गेले.
कार पार्कमध्ये वही उघडली. आकडे, तारखा, फळ्यावरचं तेच अक्षर. शेवटच्या पानावर 'पुढील वर्ष' असं लिहून खाली रेघ.
बीपी १३० च्या आत.
शेंगेन व्हिसा. नागपूरहून, स्वतः काढणे. तिला विचारू नये, चिडते.
त्याखालची तारीख १४ मे, माझ्या थापेच्या दुसऱ्याच दिवसाची.
ईरानं मागून वाचलं. "सो आजोबांना माहीत होतं?"
म्हणजे दीड महिना अळणी जेवले ते... दुबईला उतरले की फोन करतील. पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.