खिडकीच्या आत

तीर्थरूप अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. देवाच्या कृपेने आम्ही सगळे खुशाल आहोत. सूनबाईचा खोकलाही आता पुष्कळ कमी आहे.

आपल्या चिमीच्या शाळेचं तू दोनदा विचारलंस आणि मी उत्तर टाळलं. मी, मुलगा आणि सूनबाई असे तिघं बांधकामावर गेलो की तिच्या लहान भावाला तीच सांभाळायची, म्हणून नातीची शाळा सुटली होती. मागच्या आठवड्यात तिच्या बाई विटांच्या ढिगांतून वाट काढत आल्या. मी म्हटलं, "बाई, या पोराला ठेवायचं कुठं?"

"त्यालाही पाठवा. माझ्या वर्गात रडणारे काय कमी आहेत? त्यात एक वाढेल."

आता दोघंही जातात. हजेरीत चिमीचं नाव आलं की तिच्याआधी तोच "हजर" म्हणतो.

हे काम संपल्यावर कुठे जायचं ते देव जाणे. पण बाई दाखला देणार आहेत. तो दाखवला की दुसरीकडे प्रवेश अडत नाही म्हणे.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

मला कडेवर घेऊन तू शाळेच्या खिडकीबाहेर उभी राहायचीस, असं आई सांगायची. काल मी तसाच खिडकीबाहेर उभा राहिलो. अक्का, चिमी आत बसली होती.

तुझ्या कडेवरचा,
धाकटा