माकडाला आयत कळला

चि. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? (कुरकुरत असेल. तुझं कधी काय कुरकुरलं नाही?) इकडे सगळे ठीक, फक्त सूनबाईचा घसा बसला. बालवाडीची बाई ती, घसा बसला म्हणजे दुकानच बंद. त्यातून पर्यवेक्षिका यायची होती. वर्गात मुलं बोलती दिसली तर हिची नोकरी पक्की, नाहीतर दुसरी बाई तयारच. म्हणून पडद्याआड बसून, हातात घालून नाचवायच्या मोज्याच्या माकडाला आवाज द्यायला मला नेलं.

तिने पाटीवर लिहून मला समजावलं, की माकडाने मुद्दाम चुकायचं, म्हणजे मुलं त्याला शिकवतात आणि शिकवता शिकवता स्वतः शिकतात. मी म्हटलं, या वयात वीतभर पोरांपुढे अडाणी ठरू? (तुझे भाऊजीसुद्धा मला कधी चुकलीस म्हणाले नाहीत. हिंमतच नव्हती.) पहिल्या दिवशी माझ्या माकडाने सगळं बरोबर सांगितलं. पोरं गप्प. वर एकाला नाक पुसायला लावलं, तर तो भोकाड पसरून बसला. सूनबाई आवाज नसताना माझ्यावर ओरडली, ते पाहण्यासारखं होतं.

पर्यवेक्षिका आली त्या दिवशीही मी बरोबरच बोलणार होते. सूनबाईने पुठ्ठ्याचा आकार वर धरला, मी म्हटलं, "चौकोन." अख्खा वर्ग ओरडला, "आयत!" हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मी म्हटलं, "चार कोपरे दिसतायत की! चौकोन जरा आडवा झाला म्हणून काय नाव बदलतं?" पोरं उठून पडद्याला चिकटली. एका चिमुरडीने माकडाचा हात (म्हणजे माझं बोट) धरून पुठ्ठ्याच्या कडेने फिरवला. "ही लांब, ही आखूड, परत लांब, परत आखूड. कळलं का रे माकडा?"

"कळलं बाई," मी म्हटलं. आणि कळलं होतं.

पर्यवेक्षिका म्हणाली, अडाणीपणाचा इतका सहज अभिनय तिने कुठे पाहिला नाही. नोकरी पक्की झाली.

तुझी,
थोरली

ता. क. अभिनयच होता, असं सगळ्यांना सांगायचं.

आणखी एक ता. क. सूनबाईचा घसा कालपासून मोकळा झालाय. तू दवाखान्यात नर्स होतीस, तुझं ती ऐकते. अजून आठ दिवस अजिबात बोलू नकोस, असं तिला कळव. त्या मोज्यावर माझा काही जीव नाही. पण पुढच्या आठवड्यात वर्गात घड्याळ शिकवणार आहेत, आणि माकडाला अजून काटे कळत नाहीत.