दाबून लिही

अप्पा, गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय. तो याच आठवड्यातला आहे, ताजा आहे, तेव्हा तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मला कुणी सांगू नये.

मी एक लॅपटॉप घेतला. त्याच्या काचेवर पेनानं चित्र काढता येतं. पेन हलकं टेकवलं की रेघ बारीक, जोर दिला की जाड, ब्रशासारखी. त्यासाठीच तो घेतला. पुण्याच्या एका प्रकाशकाकडं लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकाचं काम होतं. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा असं काही माझ्याकडं चालून आलं. नमुन्याची दोन पानं पाठवली, तर तिथल्या बाईंचा फोन. गोड बोलल्या. "शेळी छान आहे, म्हातारी छान आहे, पण ताई, रेघेत जीव नाही. सगळी एकाच जाडीची, तारेसारखी. शुक्रवारपर्यंत परत करून पाठवा, नाहीतर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

मग मी त्या यंत्राच्या मागे हात धुऊन लागले. पेनाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकला. चित्राच्या प्रोग्रॅममध्ये पेनासाठी दोन पर्याय असतात, ते अदलून बदलून पाहिले. पेनातला सेल बदलला. दाब तपासायची एक चौकट असते, तिथं पेन टेकवून हळूहळू जोर वाढवला की पट्टी भरत जाते. माझी पट्टी टेकवल्याबरोबर शेवटाला जाऊन बसायची. बीडच्या दुकानात फोन केला तर तिथला माणूस म्हणतो, "मॅडम, पीसच खराब असंल, घेऊन या." गुरुवार उजाडला. घरातल्या कुणाशी मी धड बोलत नव्हते. नवरा चहाचा कप घेऊन आला आणि "आण इकडं" म्हणून त्यानं पेन उचललं. या माणसाला साधा आंबा काढता येत नाही. त्यानं आंबाच काढला. वाकडा, पण देठाशी केसासारखी बारीक रेघ, पोटाशी जाड, खाली येताना परत बारीक. "चालतंय की हे," तो म्हणाला. मग मी पेन घेतलं, तर माझ्या हाताकडं बघत राहिला. "तू कावून एवढी दाबायलीस? काच फोडतीस का?"

पेन बहुधा पहिल्याच दिवशी, ड्रायव्हर परत टाकल्यावर, नीट झालं होतं. माझ्या हातानं मला ते कळू दिलं नाही. चहा तसाच राहिला आणि मला तुमचा इतका राग आला की नवरा खोलीतून गुपचूप निघून गेला.

गेवराईचं आपलं पाईपचं दुकान. मी स्टुलावर, पुढ्यात बिलबुक. वरचं पांढरं पान गिऱ्हाइकाला, मधलं गुलाबी तुम्हाला, सगळ्यात खालचं पिवळं तारेला टोचायला, आणि मधे दोन कार्बन. पाईप न्यायला आलेला माणूस समोर उभा आहे. तुम्ही पिवळं पान उजेडाला धरता. "कावून गं, हातात जीव न्हाई का? ह्याच्यावर काय मुंग्या चालल्यात? दाबून लिही." गिऱ्हाईक हसतं. मी बोटं पांढरी पडेपर्यंत दाबते. शाळेतून आल्यावर रोज हेच, सुट्टीतही हेच. चित्रकलेचे सर सांगायचे, पेन्सिल सैल धर, कागदाला कळता कामा नये. सरांचं वर्गात ऐकायचं आणि संध्याकाळी तुमचं. तुमचं जास्त वेळ ऐकलं.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची सकाळ तुम्ही विसरला असाल. मी नाही. आईनं डबा भरला होता, रंगांची पेटी पिशवीत होती, आणि नेमका त्याच वेळी पाईपचा ट्रक दारात आला. "ती परीक्षा काय पळून जात न्हाई. बिलं कोन करील?" मी बिलं केली. ती पळून गेली, अप्पा. पुढच्या वर्षी दहावी आली, मग विषयच निघाला नाही. दहावी पास झाल्यावर मैत्रिणींना घड्याळं मिळाली. मला तुम्ही एक जाडजूड बॉलपेन दिलं. वर कौतुकानं म्हणालात, "दाबायला बरं हाय." मी तुमच्या पाया पडले. आज ते आठवून अंगाची लाही होते. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळतं. तेच जास्त झोंबतं, कारण वाईट असतं तर मी तेव्हाच भांडले असते.

त्या प्रोग्रॅममध्ये पेन कडक करायची सोय आहे. दाबणाऱ्या हातांसाठीच असावी. मी ती पार टोकाला नेली, इतकी की नवऱ्यानं टेकवलं तर आता रेघच उठत नाही. तेव्हा कुठं माझी रेघ हलायला लागली. शेळीच्या पाठीवर ती जाड झाली, कानाशी बारीक झाली. शुक्रवारी पानं पाठवली. काम मिळालं. म्हणून राग गेला असं समजू नका. यंत्राला माझ्या हाताजोगं करून घेतलं, एवढंच. हात काही बदलला नाही, आणि इतकी वर्षं माझ्यात काही नाही असं समजून मी जी चित्रं काढलीच नाहीत, तीही परत येणार नाहीत.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. लॅपटॉपवर लिहवेना, म्हणून घरातल्या राईटिंग पॅडवर साध्या बॉलपेननं लिहिलं. आता पान फाडलं तर खालच्या कोऱ्या पानावर सगळं उमटलंय. त्याच्या खालच्यावरही. तिसरं पान मी, तुम्ही पिवळं धरायचात तसं, खिडकीच्या उजेडाला धरून पाहिलं, अप्पा. तुमचं नाव स्वच्छ वाचता येतं. पाहिलं आणि मला बरं वाटलं.